करारात दात नव्हते

आपण मरणार नाही हे मोठ्या नणंदेला रविवारी सकाळी कळलं. बुधवारपर्यंत तिने ते कोणाला सांगितलं नाही.

मधल्या दिवसांत तिने इस्पितळाच्या खाटेवरूनच बरंच उरकून घेतलं. धाकट्या भावाला बोलावलं, त्याच्या बायकोला बोलावलं, पाळकसाहेबांना आणि चर्चच्या मंडळीतल्या दोन वडील पंचांना बोलावलं आणि डोळे मिटून म्हणाली, "मला परक्या दारात मरू देऊ नका." आवाज इतका बारीक की सगळे वाकले. ही बाई जन्मभर मुलींच्या शाळेत हेडबाई होती. तिचा बारीक आवाज आजवर कोणी ऐकलाच नव्हता, त्यामुळे शेवट जवळ आला असंच सगळ्यांनी धरलं.

त्या मंडळीत एक रीत आहे. आजाऱ्याच्या खाटेपाशी पाळकांसमोर, शास्त्रावर हात ठेवून कोणी काही कबूल केलं तर त्याला करार म्हणतात. पुढच्या रविवारी तो उपासनेत जाहीर होतो आणि सगळी मंडळी आमेन म्हणते. म्हणून अनुभवी माणसं आजाऱ्याला भेटायला जाण्याआधी, पाळक येऊन गेले का, एवढं विचारून घेतात.

भावजयीने विचारलं नव्हतं. घरी दोन कवळ्या मेणात अर्धवट राहिल्या होत्या आणि तिला परत जायची घाई होती. तिने खाटेकडे पाहिलं, फार तर शुक्रवार, असा मनाशी अंदाज केला, आणि हात ठेवला. "यांना मी माझ्या घरी नेईन, आणि देव नेईपर्यंत सांभाळीन."

"आमेन," खाटेवरून आवाज आला. हा मात्र बारीक नव्हता.

बुधवारी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मूतखडा होता, रविवारीच पडून गेला. बाईंना सांगितलं होतं की. प्रकृती ठणठणीत आहे, अजून वीस वर्षं काळजी नाही."

भावजय वळली. "वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं?"

"डॉक्टर काय, काहीही सांगतात," नणंद चपला शोधत म्हणाली. "शेवट देवाच्या हातात. पिशवी घे ती."

*

आळीत भावजयीला सगळे कवळीवाली म्हणत. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन तिच्याकडे पाठवत. ती त्यावरून प्लास्टरचा जबडा करी, त्यावर मेण चढवी, मेणात एकेक दात बसवी, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवून घासूनपुसून कवळी परत पाठवी. तिची कवळी दुरुस्तीला परत आली असं कधी झालं नव्हतं, आणि याचा तिला गर्व होता. प्रार्थनेत ती त्याला देवाची कृपा म्हणत असे, पण चेहऱ्यावरून कृपेतला मोठा वाटा कोणाचा ते समजत असे.

हे सगळं ती करी मागच्या खोलीत, मोठ्या खिडकीखाली. घरात जादा खोली तेवढीच. ती नणंदेला गेली. कवळीवालीचं टेबल स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात आलं, जिथे दिवसाही दिवा लागे आणि येणाराजाणारा कोपराने प्लास्टरची वाटी सांडून जाई.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना धीर देणं हे त्याचं रोजचं काम. आता तो स्वतःच तसा अडकला होता, आणि धीर द्यायला कोणी नव्हतं.

"अहो, तुमच्या बहिणीने मला फसवलंय."

"हो, पण तिचं वय बघ."

"वयाने फसवलं नाही. तिने फसवलं."

"मी काही बोललो का?" तो म्हणाला, आणि खरंच काही बोलला नाही.

ती पाळकांकडे गेली. पाळक बागेत झारीने पाणी घालत होते. तिने तिथेच उभं राहून सगळं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "फसवून घेतलेला करार मोडता येतो का?"

"शास्त्रात ती माणसं आहेत ना," पाळक म्हणाले, "लांबून आल्याचं सोंग करून, फाटके जोडे घालून, बुरसटलेली भाकर दाखवून आली आणि करार करून गेली. तिसऱ्या दिवशी उघडकीला आलं. तरी तो पाळावा लागला."

"पण त्यांना जन्मभर लाकडं फोडायला आणि पाणी भरायला लावलं. माझ्याकडे उलटंच आहे. पाणी मी भरते."

पाळकांना हसू आलं, ते त्यांनी झारीत लपवलं. "बाई, करार तुम्ही त्यांच्यासमोर केलात. केलात देवाशी. देवाने फसवलं का तुम्हाला?"

"त्याला रविवारीच ठाऊक होतं ना? गप्प बसला."

"तो पुष्कळदा गप्प बसतो," पाळक म्हणाले.

मोडता येत नाही म्हटल्यावर कवळीवालीने करार पाळायचा ठरवला, अगदी शब्दाला शब्द. सांभाळीन म्हणजे छप्पर, जेवण, औषध, धुतलेले कपडे. त्यात बोलणं येत नव्हतं. ती बोलायची बंद झाली. ताट ठेवी, ताट उचली. पाहुण्यांसमोर नणंद म्हणे, "मी माझ्या भावाकडे असते," आणि भावजय चहाचा कप असा ठेवी की बशीत दोन घोट सांडावेत. करारात बशीचाही उल्लेख नव्हता.

खरी लढाई संध्याकाळच्या प्रार्थनेत होई. तिथे बोलणं भागच होतं, आणि देवाकडे तोंड असलं की कोणाला काही म्हणता येत नाही.

"हे प्रभू," नणंद म्हणे, "या घरातल्या ताठ मानेला वाकव. ज्यांच्या हाताला चव नाही त्यांच्या मनाला तरी गोडी दे."

"हे दयाळू पित्या," भावजय म्हणे, "जे खोटं बोलून आले त्यांना क्षमा कर. आणि ज्यांना चव नाही त्यांना ताटात दोनदा वाढून घ्यायची पाळी आणू नकोस."

"आमेन," नवरा म्हणे, घाईघाईने, दार लावून घेतल्यासारखा.

मंडळीत मात्र जमेची बाजू वाढत होती. बायका कवळीवालीचा हात हातात घेऊन म्हणत, "किती करतेस गं!" ती खाली बघे. करत होतीच ती. किती आणि कसं, याची चौकशी कोणी करत नव्हतं, आणि ती आपण होऊन सांगत नव्हती.

*

मग एका सकाळी नणंदेची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून तिचे तीन तुकडे झाले.

घरात एकदम शांतता पसरली. नणंद पदराने तोंड झाकून बसू लागली. पातळ पेज आणि दूध. प्रार्थनेत नुसती मान हलवी. कवळीवालीला वाटलं, हीच का ती कृपा, जी मी इतके दिवस मागत होते?

"अगं," नवरा बोळात येऊन म्हणाला, "ताईला एक कवळी करून दे ना. तुझ्या हातचा मळ आहे तो."

"करारात दात नाहीत."

"माणुसकीत आहेत की नाहीत?"

"तिने मागू दे."

नणंद मागणार नव्हती. ती रिक्षा करून दातांच्या डॉक्टरांकडे गेली. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या भागातल्या सगळ्या डॉक्टरांची मापं एकाच टेबलावर येत. पण भावजयीपुढे पदर पसरण्यापेक्षा वळसा घालून तिच्याकडेच पोचणं तिला मानाचं वाटलं. चार दिवसांनी डब्यातून माप आलं.

कवळीवालीने त्यात प्लास्टर ओतलं, घट्ट झाल्यावर साचा सोडवला आणि नणंदेचा जबडा हातात घेऊन दिव्याखाली धरला. हिरड्या झिजून गेलेल्या. खाली डावीकडे तर पात्यासारखी धार राहिलेली. एवढीशी होती ही. याच तोंडाने तिची खोली खाल्ली होती.

असल्या धारेवर कवळीची कड केसभर आखूड ठेवायची असते. तिने ती केसभर लांब ठेवली. उजवीकडे तिने काही केलं नाही. तिथे गरज नव्हती.

हे कोणाला सिद्ध करता येणार नव्हतं. नवी कवळी दुखतेच, पंधरा दिवस कळ काढा, असं डॉक्टर सगळ्यांना सांगतात. दात मात्र तिने सुंदर बसवले. हिशेब चोख ठेवणारी माणसं खोट घालतानाही बाकीचं काम नीट करतात.

शनिवारी नणंद कवळी बसवून आली. जेवायला बसली. एक घास घेतला आणि थांबली. कवळीवाली तव्याकडे तोंड करून उभी होती. तिचे कान मात्र ताटात होते. दुसरा घास. तिसरा. पाणी. नणंदेने कवळी काढली नाही.

"कशी आहे, ताई?" नवऱ्याने विचारलं.

"छान," नणंद म्हणाली.

या बाईने गेल्या सहा महिन्यांत छान हा शब्द कशाला लावला नव्हता. कवळीवालीला तो घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार. दोघी एका बाकावर, मध्ये नवरा. भाकरीची थाळी बाकाबाकावरून फिरत आली. त्या मंडळीत भाकर घरची, कडक भाजलेली, बोटाच्या पेराएवढे तुकडे केलेली असते, आणि ती चावूनच खायची असा दंडक आहे. गिळली तर वडील लोक बघतात. नणंदेने तुकडा तोंडात घातला आणि चावला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. पुन्हा चावला.

पुढच्या बाकावरची बाई मागे वळून हळहळली. मंडळीला ती भक्ती वाटली.

थाळी अजून फिरत असतानाच पाळकांनी प्याला उचलला आणि, "हा प्याला म्हणजे तुमच्यासाठी ओतलेल्या माझ्या रक्तातला नवा करार," हे शब्द म्हटले, जे कवळीवालीने लहानपणापासून ऐकले होते आणि ज्यांच्याकडे, खरं सांगायचं तर, बऱ्याच वर्षांत लक्ष दिलं नव्हतं. त्यात समोरच्याने आधी काय करावं याची एकही अट नव्हती. थाळी तिच्यापर्यंत आली. तिने हात मांडीवरच ठेवला. थाळी पुढे गेली. मनात पाप असलेल्यानेच ती सोडायची, असं मंडळीत धरतात. मागच्या दोन बाकांवर कुजबुज झाली. इतके दिवस जमा झालेलं नाव एका मिनिटात निम्मं झालं. नणंदेने ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

*

घरी आल्यावर नवऱ्याला एका लिफ्टची आठवण झाली. तो गेला. नणंद बोळात, टेबलापाशी येऊन उभी राहिली. ती तिथे कधी येत नसे.

"थाळी का सोडलीस?"

"इच्छा नव्हती."

"ते काय इच्छेवर असतं? मुली म्हणायच्या मला, बाई, आज गृहपाठाची इच्छा नव्हती." नणंद थोडी बोबडी बोलत होती, शब्द सांभाळून तोंडाबाहेर काढत होती. "डॉक्टर म्हणाले, तुझी एकही कवळी कधी परत येत नाही. मग माझीच बरी टोचली?"

कवळीवाली टेबलावर सांडलेलं प्लास्टर पुसू लागली.

"मुद्दाम केलंस."

"हो."

नणंदेने मान हलवली, बरोबर उत्तर मिळाल्यासारखी. राग आलेला दिसला नाही, आणि हे जास्त भीतीदायक होतं. "मग झालं तर. मी तुला फसवलं, तू मला टोचलंस. फिटंफाट. पाळकांना मी सांगते, मीच करार सोडते म्हणून. ख्रिस्ती वृद्धाश्रमात खाट मिळते. उद्याच जाते. घे तुझी खोली."

कवळीवालीच्या डोळ्यांसमोर मोठी खिडकी आली. तिच्याखालचं टेबल आलं. दुपारचं ऊन प्लास्टरवर पडतं तसं पडलं. हेच तर हवं होतं, आणि आता तिला ते स्वतः मागावंही लागलं नव्हतं. नुसतं बरं म्हणायचं होतं. मंडळीतही कोणी काही बोललं नसतं; म्हातारीच गेली, आपण होऊन.

ती बरं म्हणाली नाही. मग रागानेच म्हणाली, "देवाशी फिटंफाट होत नसते, वन्सं. होत असती तर आपण दोघी केव्हाच रस्त्यावर आलो असतो."

"मला उपदेश करू नकोस. मी तुझ्यापेक्षा आधी बाप्तिस्मा घेतलाय."

"मग आधी समजायला हवं होतं. काढा ती कवळी."

"काय?"

"काढा म्हणते ना. आणि बसा स्टुलावर. जायचं तर दात नीट करून घेऊन जा, आणि राहायचं तर नीट चावून राहा. माझं टोचलेलं तोंडात घेऊन कुठेही जायचं नाही."

नणंद बसली. कवळी काढून तिने तळहातावर दिली. काठावर रक्त होतं. कवळीवालीने ती धुतली, दिवा खाली ओढला आणि म्हणाली, "तोंड उघडा."

हेडबाईने जन्मभर इतरांना तोंडं बंद करायला सांगितली होती. तिने उघडलं. हिरडीवर लालभडक घाव होता, जिथे असायला हवा असं ठरवलं होतं बरोबर तिथे. कवळीवालीने तिथे शाईच्या पेन्सिलीची खूण केली, कवळी दाबून बसवली, परत काढली. खूण गुलाबी काठावर उमटली. ती मोटरवर घासायला बसली.

"हे मला माफी मागणं म्हणून चालणार नाही," नणंद बोळक्या तोंडाने म्हणाली.

"माफी मागते, ती वेगळी. चुकलंच माझं. पण तुम्हीही मागायची आहे, इस्पितळातल्या त्या रविवारची."

"बघू."

तिने कवळी धुवून परत बसवली. "चावा. आता?"

"अजून टोचतंय."

पुन्हा काढली, पुन्हा खूण, पुन्हा घासली. "आता?"

"अजून थोडं. दोन्हीकडे."

कवळीवालीने मोटर थांबवली आणि तिच्याकडे पाहिलं. "खरं सांगताय?"

नणंदेने जीभ आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरवून पाहिली.

"डावीकडे खरं," ती म्हणाली. "उजवीकडे उगीच."

कवळीवालीने डावीकडचं घासलं.