माझ्या खांद्यातला बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. म्हणजे घोड्यातलं जे टिकाऊ होतं तेवढंच आता उरलं आहे. घोडेस्वारीच्या शाळेत, रिंगणाकडे खिडकी असलेल्या खोलीत माझा सापळा उभा असतो. घाबरू नका, मी चावत नाही. दात आहेत, पण ते आता शिकवण्यापुरते.

तरुणपणी मी याच रिंगणात धावलो. माझे मालक म्हणजे शाळेचे वस्ताद. पीळदार मिशा, नगाऱ्यासारखा आवाज. माझ्या पाठीवर बसून त्यांनी कपाट भरेल इतकी बक्षिसं मिळवली. माणसांची हिशेबाची रीत मला तिथेच समजली : शर्यत जिंकली की स्वाराच्या खाती जमा, हरली की घोड्याच्या नावे. पण वस्तादांची माया खरी होती. म्हातारा होऊन मी गेलो तेव्हा ते तबेल्यात बसून लहान मुलासारखे रडले. मग माझी हाडं स्वच्छ करवून घेतली आणि ती जुळवायला सुताराला बोलावलं. मागचे पाय, पाठ, बरगड्या सगळं जमलं. घोडं अडलं ते पुढच्या पायांपाशी.

"वस्ताद, मागचे पाय कमरेला बरोबर बसले," सुतार म्हणाला. "पण पुढचे अधांतरी आहेत. खांद्याचं हे चपटं हाड, हा फरा, बरगड्यांना जोडायचा कुठे? खाचच नाही!"

"नीट बघ. तुझ्याकडून एखादं हाड हरवलं असेल."

"माझ्याकडून? मी काय घरी कुत्रा पाळलाय?"

दोघांनी खोली झाडून काढली. हाड काही सापडेना. शेवटी वैतागून दोन्ही फरे लोखंडी बोल्टांनी बरगड्यांवर आवळून टाकले. मी उभा राहिलो, पण खांद्याचा दगड झाला.

पुढे वस्ताद मुलांना शिकवताना माझ्या खांद्यावर थाप मारत. "बघा, कसा पक्का! तसूभर हलत नाही. बिनधास्त यावर खोगीर ठेवा." मी जिवंत असताना खोगीर या फऱ्याच्या मागे असायचं. पण पुढे बसलेला स्वार फोटोत झोकदार दिसतो, हा शोध त्यांना माझ्या पश्चात लागला, आणि माझाच बोल्ट त्याला साक्षीदार! मला तोंड होतं, पण जीभ नव्हती. हळूहळू मुलं माझ्या बरगड्यांना टोप्या अडकवू लागली. डोळ्याच्या खोबणीत कोळ्याने संसार थाटला. वस्तादांचं जुनं खोगीर तेवढं माझ्या पाठीवर, पुढे सरकवून ठेवलेलं, कायम असे.

अशात तबेल्यात मानिनी आली. तांबूस रंगाची, देखणी घोडी. मोकळी सोडली की वाऱ्यासारखी पळायची. पण खोगिराचा पट्टा, ज्याला आम्ही तंग म्हणतो, तो आवळला की कान मागे पाडायची. पावलं आखूड टाकायची. उडीचा अडसर दिसला की चारही खूर रोवून उभी.

"हट्टी आहे," वस्ताद म्हणाले. "नाव शोभतंय. महिनाअखेरीला गाडीवाला येईल. त्याच्या गाडीला जुंपली की ताळ्यावर येईल."

गाडीवाल्याची कीर्ती तबेल्याला ठाऊक होती. त्याच्या गाडीवर माल कधी कमी नसे आणि त्याच्या घोड्यांच्या अंगावर मांस कधी जास्त नसे.

वस्तादांची सून जनावरांची डॉक्टर. तिने मानिनीच्या पाठीवरून हात फिरवला. खांद्यामागे बोट लागताच घोडी शहारली.

"बाबा, ही हट्टी नाही. हिला दुखतंय. खोगीर खांद्यावर बसतंय."

"खांद्यावर नाही तर काय कानावर ठेवू? खांदा पक्का असतो, सूनबाई. चल, दाखवतो."

दोघं माझ्यापाशी आले. वस्तादांनी नेहमीची थाप मारली. सूनबाईने बोल्ट पाहिला आणि तिला हसूच आवरेना.

"हे कुणी केलं?"

"मी. एक हाड हरवलं होतं."

"हरवलं नव्हतं, बाबा. ते नसतंच! आपल्याला गळ्याखाली हासळीचं हाड असतं, घोड्याला नाही. त्याचं धड पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं, पाळण्यातल्या बाळासारखं. पाना द्या जरा."

वस्तादांनी कुरकुरत पाना दिला. तिने उजवा बोल्ट काढला, सायकलच्या जुन्या ट्यूबने फरा बांधला आणि माझा पाय पुढे उचलला. पाय पुढे गेला तसं फऱ्याचं वरचं टोक मागे सरकलं आणि पाठीवरच्या खोगिराला धडकलं. टक्!

तिने पुन्हा पाय उचलला. पुन्हा टक्.

"प्रत्येक पावलाला?" वस्तादांनी हळूच विचारलं.

"प्रत्येक पावलाला. आणि उडी मारताना तर जोरात."

वस्ताद मिशी कुरवाळत राहिले. मग म्हणाले, "पण मागे बसलं की स्वार पोत्यासारखा दिसतो."

"दिसू दे. घोडी तर घोडीसारखी दिसेल!"

महिनाअखेरीपर्यंतची मुदत मिळाली. सूनबाईने आधी खोगीर उतरवून घोडीला पुरती विश्रांती दिली. मग लगाम सैल सोडून चढणीवर चालवलं. मान खाली लांबवली की पोटाचे स्नायू आवळतात आणि पाठ कमानीसारखी वर येते. स्वाराचं ओझं तीच कमान पेलते. मी खिडकीतून पाहत होतो. रोज पाऊल थोडं लांब पडत होतं. अखेर खोगीर चढलं, फऱ्याच्या मागे, आणि तंग आवळताना मानिनीचे कान पुढेच राहिले.

ठरल्या दिवशी गाडीवाला दोर घेऊन कुंपणाशी आला. "हीच का ती हट्टी?"

"जरा थांबा," वस्ताद म्हणाले.

सूनबाई स्वार झाली. दुडकी, मग चौखूर. अडसर जवळ आला. वस्तादांनी श्वास रोखला. मला रोखायला श्वास नव्हता, नाहीतर मीही रोखला असता. मानिनीचे खांदे मोकळे सुटले, पाठ उचलली गेली आणि ती अडसरावरून अशी गेली, की खाली जमीन असते हेच ती विसरली असावी!

"शाब्बास!" वस्तादांच्या ओरडण्याने छपरावरची कबुतरं उडाली. "परत जा, गाडीवाले! दोर घेऊन जा आणि तुमच्या घोड्यांना जरा खायला घाला!"

त्याच दुपारी वस्ताद पाना घेऊन माझ्याकडे आले. टोप्या उतरवल्या, कोळ्याला खिडकीबाहेर सोडलं आणि डावा बोल्ट स्वतः काढून तो फराही ट्यूबने बांधला. माझ्या कपाळावर हात ठेवून पुटपुटले, "गड्या, हाड हरवलंच नव्हतं रे."

मित्रांनो, आता वस्ताद प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी माझ्याकडे आणतात. बोल्ट हातात धरून स्वतःची फजिती रंगवून सांगतात. माझी एकच विनंती आहे : जनावर 'नाही' म्हणालं, तर छडीआधी हात उचला आणि तो त्याच्या अंगावरून फिरवा. ते कुठे शहारतं, ते बघा.

आणि कधी या खोलीत आलात, तर माझा पाय जरूर पुढे उचला. माझा खांदा कसा सुळकन सरकतो ते पाहा. जिवंतपणी मी शर्यती जिंकल्या. एक घोडी मात्र मेल्यावर वाचवली!