गप्प करणाऱ्या दोन ओळी

लाल अक्षरं दिसली की माणसं वाचायचं सोडून घाबरतात. सात वर्षं दर गुरुवारी फ्लोरो गावच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर बसून मी पायथन ही संगणकाची भाषा शिकणाऱ्यांच्या अडचणी सोडवतोय, आणि एवढं एकच मला पक्कं कळलंय. पायथन बिचारं स्पष्ट सांगतं, अमुक ओळीत अमुक चुकलंय म्हणून. पण वाचायला कोण तयार आहे? स्क्रीन माझ्याकडे वळवतात आणि म्हणतात, "ओड्वार, हे चालत नाहीये."

मी आधी समुद्रातल्या तेलविहिरींवर मोजमापाची यंत्रं सांभाळायचो. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा हे बरं, म्हणून सुरू केलं. येणारे नाना तऱ्हेचे. कोणी ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा कमीजास्त करून ठेवतो आणि अर्धा प्रोग्रॅम का चालत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. एकाने आपल्या फाईलला 'रँडम' असं नाव दिलं, मग पायथनकडे त्याचं स्वतःचं, मनाला येईल तो आकडा काढून देणारं रँडम मागितलं. पायथनने याचीच फाईल याच्या हातात ठेवली. वर हा मलाच विचारतो, पायथन बिघडलंय का! तुझ्याकडून शिकायला आलंय ते, असं मी म्हणालो, तर पुन्हा आला नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे गावाला ठाऊक आहे.

माझे नियम दोनच होते. एक, लाल अक्षरांतली शेवटची ओळ आधी मोठ्याने वाचायची. दोन, शिकणाऱ्याच्या कीबोर्डला मी हात लावणार नाही. मी हात पाठीमागे बांधून उभा राहायचो. गावातल्या वर्तमानपत्राने माझा तसा फोटोसुद्धा छापला होता. तो मी फ्रिजवर लावला होता, खोटं कशाला बोलू.

गुनवोर आली ती दोन वर्षांपूर्वीच्या शरदात. वय त्रेपन्न. सव्वीस वर्षं मासे कापायच्या कारखान्यात उभी राहून काम केलेली बाई. तिथे यंत्रं आली, मग यंत्रंही दुसऱ्या गावी गेली आणि कारखान्याला कुलूप लागलं. रोजगार कचेरीने तिला संगणकाच्या वर्गात बसवलं आणि वर्गातलं काही कळेना म्हणून ती माझ्याकडे आली. बोटं जाड, थंड पाण्याने सुजलेली. एका वेळी दोन कळा दाबल्या जायच्या.

"बघ, पुन्हा ओरडलं माझ्यावर," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"ओरडत नाहीये. सांगतंय. शेवटची ओळ वाच."

"तूच वाच ना, तुला येतं."

"मला येतं म्हणूनच तू वाच."

"माझी सासूही अशीच होती. सांगतेय म्हणायची आणि ओरडायची." पण तिने वाचलं. अक्षर अक्षर लावून वाचलं आणि कुठे काय चुकलंय ते तिचं तिला सापडलं. तेव्हा ती टेबलावर अशी थाप मारून हसली की खालून ग्रंथपाल बाई वर आल्या.

एकही गुरुवार तिने चुकवला नाही. वादळात बोटी बंद होत्या तेव्हा ती तिच्या बेटावरून पुलाचा लांबचा रस्ता घेऊन बसने आली. मला ती आवडायची. तिच्यासारखं शिकणारं कोणी माझ्याकडे आलं नव्हतं, आणि हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

दीड वर्षाने तिला काम मिळालं. खाडीच्या टोकाला त्रिग्वेचं सामन माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र आहे. त्याच्या बापाने काढलेलं, आठ टाक्यांचं. प्रत्येक टाकीतल्या पाण्यात प्राणवायू किती आहे हे एक यंत्र दर दहा मिनिटांनी फाईलमध्ये लिहायचं. ते आकडे वाचणारा आणि प्राणवायू कमी झाला की पाळीवरच्या माणसाच्या फोनवर निरोप धाडणारा प्रोग्रॅम गुनवोरने लिहायचा होता. सहा महिने परीक्षेवर. जमलं तर कायम. नाही जमलं, तर फ्लोरोत तिला घेणारं दुसरं कोणी नव्हतं. घर विकून बर्गनला मुलीच्या तळघरात राहायला जायचं, एवढंच उरलं असतं. "तळघर छान आहे तसं," ती म्हणायची. "खिडकी आहे. बाहेर भिंत दिसते."

ईस्टरच्या सुट्टीआधीचा गुरुवार. दुसऱ्या दिवशी तिला प्रोग्रॅम सुरू करून दाखवायचा होता. चार वाजत आलेले, ग्रंथपाल बाई एकेक दिवा मालवत होत्या. खाली गाडीत माझी बायको बोर्गहिल्ड, टपावर स्की बांधलेल्या, डोंगरातल्या झोपडीवर अंधाराच्या आत पोचायचं म्हणून हॉर्नवर हॉर्न. आणि गुनवोरच्या स्क्रीनवर लाल अक्षरं.

चूक फालतू होती. फाईलच्या शेवटी एक रिकामी ओळ राहिली होती आणि प्रोग्रॅम त्या रिकाम्या जागेचा आकडा करायला बघत होता. तिला तिचं सापडायला दहा मिनिटं लागली असती. फार तर पंधरा.

"सरक," मी म्हणालो, आणि कीबोर्ड ओढून घेतला. दोन ओळी टाकल्या. त्यांचा अर्थ असा, की हे करून बघ, आणि काहीही चुकलं तर चकार शब्द न काढता पुढे जा. लाल अक्षरं गेली. आठही टाक्यांपुढे सगळं ठीक असल्याचं हिरवं आलं.

"काय केलंस रे?"

"गप्प केलं त्याला."

"असं करता येतं?" तिचे डोळे एवढे झाले. "मग इतके महिने मी बोलणी का खात होते?"

मी कोट घालत होतो. असं करायचं नसतं, आग लागल्यावर घंटेची वायर कापण्यातला हा प्रकार आहे, हे या धंद्यातलं कोणीही झोपेत सांगेल. मला वाटलं, पुढच्या गुरुवारी सांगू. पुढच्या गुरुवारी ईस्टरची सुट्टी होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती वाफल घेऊन आली, वर तपकिरी चीज लावलेलं. प्रोग्रॅम मस्त चाललाय म्हणाली. "तुझी युक्ती सगळीकडे लावून टाकली. आता अजिबात कुरकुरत नाही."

सगळीकडे. मी ऐकलं. मनात टोचलंही. पण पाच जण खोळंबले होते, तोंडात वाफल होतं. "हां, त्याबद्दल एकदा बोलायचंय," मी म्हणालो. बोललो नाही.

मे महिन्यात त्रिग्वेने चार नंबरच्या टाकीत नवं यंत्र बसवलं. जुनी यंत्रं नुसता आकडा लिहायची, हे नवं आकड्यापुढे मापाचं नावही लिहायचं. तेवढ्याने प्रोग्रॅमला तो आकडा वाचता येईना. आणि वाचता येत नाही असं सांगायचीही सोय नव्हती. तो चार नंबरची टाकी मुकाट सोडून द्यायचा आणि आधीचं हिरवं तसंच ठेवायचा.

सतरा मे यंदा रविवारी आला. राष्ट्रीय दिवस, सगळं गाव ठेवणीतल्या पोशाखात मिरवणुकीला. पाळी त्रिग्वेने स्वतःकडे घेतली होती, फोन खिशात ठेवून. दुपारी चार नंबरचा पंप अडकला. फोन वाजला नाही. सोमवारी सकाळी टाकीत तीस हजार पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती, आणि कचेरीतल्या स्क्रीनवर आठही टाक्या हिरव्या.

बुधवारी त्रिग्वेने मला बोलावलं. "यातलं मला काही कळत नाही आणि तिला विचारून उपयोग नाही, ती नुसती रडतेय. तू जाणकार आहेस. काय झालं ते बघून दे."

कचेरीला मासे सडल्याचा वास होता. गुनवोर संगणकासमोर बसली होती, मांडीवर हात ठेवून. मी शेजारी खुर्ची घेतली. त्रिग्वे खिडकीशी उभा राहून थर्मासमधली कॉफी ओतत होता.

मी प्रोग्रॅम उघडला. सुबक होता, नवशिक्याचा वाटू नये इतका. आणि दर थोड्या ओळींनी माझ्या त्या दोन ओळी. अकरा ठिकाणी. प्रोग्रॅम वाचणाऱ्या माणसाला कळावं म्हणून आम्ही अधेमधे साध्या भाषेत टिपण लिहितो. पायथन ते वाचत नाही. ते लिहायची शिस्त मीच तिला लावली होती. पहिल्या जागी तिने टिपण लिहिलं होतं, "ही ओड्वारची युक्ती. त्याने स्वतः टाकून दिली."

मी ते वाचलं. गुनवोरने मला वाचताना बघितलं. त्रिग्वे खिडकीशी होता, त्याला तिथून काही दिसत नव्हतं.

मी पान खाली सरकवलं.

"सापडलं?" त्रिग्वेने विचारलं.

"सापडलं. चुका दाबून टाकल्यात. यंत्राचा आकडा वाचता आला नाही, तर प्रोग्रॅम बोंब मारायच्या ऐवजी गप्प बसतो."

"असं करतात?"

"नाही करत."

"मग हिने का केलं?" तो तिच्यासमोरच बोलत होता, पण माझ्याकडे बघून. वाईट माणूस नव्हे तो. दोन रात्री झोपला नव्हता एवढंच. "मला एकच सांग, ओड्वार. हे कोणाकडूनही झालं असतं, की हिला हे काम झेपणार नाही? तू सांगशील तसं करतो. चुकून झालं असेल, तर मी तिला ठेवतो. पाळीवर मीही होतोच ना."

एवढं सोपं करून दिलं होतं त्याने. 'मी शिकवलं' हे दोन शब्द पुरे होते. फार तर त्याने मला चार शिव्या हासडल्या असत्या, गावात चार दिवस चर्चा झाली असती. माझी ना नोकरी जाणार होती, ना घर. पण मला तो फ्रिजवरचा फोटो आठवला, जाणकार म्हणून आलेला फोन आठवला, आणि मी भ्यालो. सदुसष्ट वर्षांचा माणूस लोक हसतील म्हणून भ्याला.

"नवशिक्याची चूक आहे," मी म्हणालो. "अगदी पायातली."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला अजून वेळ लागेल."

"वेळ माझ्याकडे कुठाय," त्रिग्वे म्हणाला आणि कॉफीचा कप खाली ठेवला.

मी वाट बघत होतो. आता ती टिपणावर बोट ठेवेल, त्रिग्वेला म्हणेल, इकडे ये, हे वाच. खरं सांगतो, तिने तसं करावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला काही करावं लागलं नसतं. तिने फक्त नाक पुसलं आणि संगणक बंद केला. नेहमीसारखा, आधी सगळं नीट जतन करून.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी जाणार नव्हतो, पण न गेलो तर लोक विचारतील, म्हणून गेलो. साडेतीनला गुनवोर आली. पिशवी नाही, संगणक नाही. कोटही काढला नाही. बाकीचे दोघं त्यांच्या कामात होते. ती माझ्याजवळ येऊन हळू बोलली.

"घर विकायला काढलंय. शनिवारी माणूस बघायला येतोय."

"इतक्या लगेच?"

"परीक्षेवरच होते ना मी. काल संध्याकाळी सांगितलं त्याने. चांगलं बोलला." मग ती घुटमळली. तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते. "मला तुझी माफी मागायची होती, ओड्वार."

"कसली?"

"त्यात तुझं नाव राहिलं होतं. मी सोमवारीच काढायला हवं होतं, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. तू वाचलंस तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू ते शिकवलंस एका रिकाम्या ओळीसाठी आणि मी अकरा ठिकाणी लावत सुटले, वर तुझं नाव! त्रिग्वेने वाचलं असतं तर तुझ्याबद्दल काय वाटलं असतं त्याला?" तिने श्वास घेतला. "आता काढलंय. काल घरी जायच्या आधी संगणक पुन्हा उघडायची परवानगी मागून काढलं. कोणी बघितलं नाही."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा मला ओळखता येतो, माझं आयुष्य त्यात गेलंय. ती मनापासून बोलत होती, आणि मी क्षमा करीन की नाही या काळजीत माझ्या तोंडाकडे बघत होती.

दोन शब्द अजूनही सांगता आले असते. त्रिग्वेचं केंद्र गाडीने वीस मिनिटांवर आहे.

"असू दे, गुनवोर," मी म्हणालो. "माझ्या मनात काही नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. तिने माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला, आभार मानले आणि जिना उतरून गेली.