खुर्ची नसलेल्या देशाची पाटी

मित्रांनो, यंदाच्या सभेत कुर्दिस्तानचा पहिला नंबर आला. टाळ्याही झाल्या. आता हे विसरा, कारण असं काही झालेलंच नाही.

मी राजधानीतल्या मयूर विहारच्या मराठी मंडळातली एक जुनी लाकडी पाटी. सुताराने उरलेल्या फळीतून मला कापलं. मंडळ दरवर्षी मुलांची संयुक्त राष्ट्रसभा भरवतं आणि प्रत्येक मुलापुढे देशाच्या नावाचा कागद चिकटवलेली एक पाटी ठेवतं. मी जपान झाले, पेरू झाले. ब्राझील होते तेव्हा लोकांनी माझ्यासोबत फोटो काढले. एरवी मी कपाटात, सतरंजीखाली.

यंदा नववीतल्या मैत्रीने डब्यातून चिठ्ठी उचलली आणि कुर्दिस्तान निघालं. पोरगी महिनाभर वाचत बसली. सभेच्या दिवशी मात्र मंत्रालयातून निवृत्त झालेल्या पद्माकरकाकांनी मला बघून चष्माच काढला.

“अगं, हा देशच नाही!”

“काका, चिठ्ठी तुम्हीच लिहिलीत.”

“बातम्यांत रोज नाव येतं, म्हणून लिहिलं ना बेटा! असं कर, हे लोक ज्या चार देशांत राहतात, त्यांची ना-हरकत आण. मग बस बिल्कुल.”

तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया. तोवर तिच्या खुर्चीवर या चार देशांच्या मुलांपैकी एकाची बॅग, एकीची बाटली, एकाचं जॅकेट आणि तुर्कस्तानचे, म्हणजे सुधन्वाचे, पाय होते.

“यार, तुला बसू दिलं तर मी पाय कुठे ठेवू?” हे त्याचं अधिकृत निवेदन.

मैत्री मला छातीशी धरून भिंतीपाशी उभी राहिली आणि बोलली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या तहात कुर्दांना स्वराज्याची आशा दाखवली. १९२३ च्या तहात त्यांचं नावसुद्धा नव्हतं. १९४६ मध्ये इराणात, महाबादला, त्यांनी प्रजासत्ताक उभारलं. ते वर्षभरही टिकू दिलं नाही, त्याच्या अध्यक्षाला फाशी दिली. १९८८ मध्ये इराकच्या हलब्जात विषारी वायूने हजारो माणसं मारली. पुढे इराकमध्ये स्वायत्त प्रदेश मिळाला. २०१७ मध्ये तिथल्या लोकांनी प्रचंड बहुमताने स्वातंत्र्य मागितलं. कौल कुणी मानलाच नाही.

मी लाकूड आहे मित्रांनो, तरी तापले.

मुलांनी हात वर करून तिला निवडलं. सुधन्वानेही, पाय न हलवता. काकांनी निकाल जाहीर केला आणि मग त्यांना नियम आठवला. “देश नाही म्हणजे मतंही नाहीत. चलो, समोसे गार होतायत.” कप स्वित्झर्लंडला गेला. तो मुलगा तापाने घरीच झोपला होता.

“काका, मग महिनाभर मी कोण होते?” मैत्रीने विचारलं.

काका म्हणाले, “ती पाटी भिजत घाला कुणीतरी. कागद खरवडायचाय.”

म्हणून मी, खाली सही करू न शकणारी पाटी, मंडळाच्या कार्यकारिणीस सविनय कळवते की, सदर कागद काढण्यापूर्वी त्यावर ज्यांचं नाव आहे त्या सर्व लोकांची, चारही देशांतून, लेखी संमती घ्यावी. ती येईपर्यंत मला पाण्यात घालू नये, ही विनंती.