नंबराप्रमाणे दळण

हिंदुरावांना ॲपमधून काय काय मिळणार होतं, ते आधी सांगते. पलीकडच्या सोसायट्यांमधली गिऱ्हाइकं मिळणार होती. ती मंडळी पाकिटातलं पीठ आणायची आणि पोळीला चव नाही म्हणून कुरकुरायची. दुपारचा रिकामा वेळ भरणार होता. दारातली गर्दी आणि गर्दीतली भांडणं मोबाइलमध्ये जाऊन बसणार होती. शिवाय गिरणीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपल्यातले पहिले ॲपवाले’ म्हणून मिरवता येणार होतं. ही शेवटची कमाई त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण सगळ्यात गोड तीच लागत होती. मला कसं कळलं म्हणाल, तर माणूस चालू मशिनपाशी उभा राहून स्वतःशी बोलतो. त्याला वाटतं, एवढ्या आवाजात कोण ऐकतंय!

मित्रांनो, मी कासारवाडीतली एक जुनी पिठाची गिरणी आहे. माझा सांगाडा तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून तयार झाला. माझी मोटर चाकणच्या बंद पडलेल्या एका कंपनीच्या लिलावातून आली. हिंदुराव त्याच कंपनीत कामाला होते. “कंपनीनं मला घरी पाठवलं, तेव्हा येताना मी तिचं काळीज घेऊन आलो,” असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगतात. तेव्हापासून मी त्यांचं घर चालवते आहे. त्यांच्या मुलीचं लग्न माझ्या पिठावर झालं. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळतो आणि एरवी शिव्या मिळतात. दोन्ही मी सारख्याच घेते.

दळणाला एक शिस्त असते. जो आधी आला त्याचं आधी, असं गिरणीत चालत नाही. एका दगडावर आधी गहू, मग ज्वारी, मग बाजरी. बाजरीमागून लगेच गहू टाकला, तर पोळी काळवंडते आणि बाई दुसऱ्या दिवशी पोळी हातात घेऊन भांडायला येते. म्हणून नंतर आलेला गहू कधी कधी आधी जातो आणि आधी आलेली बाजरी थांबते.

या शिस्तीच्या पोटात हिंदुरावांनी आपली एक सोय लपवली होती. मारुतराव हे आमच्या गाळ्याचे मालक. मूळचे इथलेच, गावकीतले. त्यांचा डबा आला की तो कधीही, कशाच्याही पुढे जायचा. कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं, “दगडाला आत्ता हेच धान्य चाललंय, ताई.” लोक चरफडायचे. एकजण तर म्हणाला होता, “काका, आमचा डबा इथंच संसार थाटून राहिला का?” सगळे हसले. हिंदुरावही हसले, पण ते हसणं जरा घाईचं होतं.

एका डब्याला मात्र वशिला नव्हता आणि तरी तो पहिला असायचा. मृदुलाताई नावाच्या एक शिक्षिका आहेत. त्यांची मुलगी इंद्रायणी दुसरीत शिकते. तिला गहू मुळीच सोसत नाही, चिमूटभर पोटात गेला तरी ती आजारी पडते. तिच्या ज्वारीचा डबा आदल्या संध्याकाळी यायचा. हिंदुरावांच्या पत्नी सुभद्राबाई सकाळी शटर उघडल्यावर माझे दगड ब्रशने झाडायच्या, पीठ पडायची पिशवी बदलायच्या, आधी घरची ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढायच्या आणि मगच इंद्रायणीचं दळण टाकायच्या. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. रोजच्या कामातली गोष्ट कोण लिहितं?

अशा ठिकाणी ऋचा आली. सांगवीची मुलगी. इंजिनिअर झाली, नोकरीला लागली आणि वर्षाच्या आत कंपनीने माणसं कमी केली, त्यात हीही कमी झाली. आता स्वतः ॲप बनवून द्यायची म्हणत होती. हिंदुरावांचं काम तिचं पहिलंच. ते नीट झालं, तर ग्रुपवरच्या बाकीच्या गिरणीवाल्यांकडेही तिची शिफारस करायची, असं ठरलं होतं. म्हणजे हिंदुरावांना मोठेपणा हवा होता आणि तिला उभं राहायला जागा हवी होती.

पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, “काका, मी दोन दिवस इथं बसून काम बघू का?”

“इथं? अगं, पिठानं भूत होशील. लॅपटॉपचं थालीपीठ होईल ते वेगळंच.”

“होऊ दे. बरं, आधी कुणाचं दळायचं हे तुम्ही कसं ठरवता?”

प्रश्न अगदी बरोबर होता. वेळ मात्र चुकीची होती. त्याच क्षणी माझ्या तोंडात मारुतरावांची बाजरी पडत होती आणि ज्यांचा गहू त्यांच्या आधीचा होता, ते दोघे भिंतीला टेकून कान देऊन उभे होते. खरी शिस्त सांगायची, तर तिच्याबरोबर तिच्यात लपवलेली सोयही बाहेर आली असती. हिंदुरावांनी हात झटकले.

“ठरवायचं काय त्यात? आधी आला तो आधी गेला. आपल्याकडं वशिला चालत न्हाई.”

“धान्य वेगळं असलं तरी?”

“नंबर म्हंजे नंबर! त्यात बसून बघायचं काय? नको.”

भिंतीशी उभ्या असलेल्यांपैकी एकाला खोकला आला. ऋचाला तो खोकला कळला नाही. तिने लिहून घेतलं, नंबराप्रमाणे. सुभद्राबाई तेव्हा घरात बॅग भरत होत्या. मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून त्या फलटणला निघाल्या होत्या. जाताना दारातून म्हणाल्या, “इंदूच्या डब्याचं तेवढं बघा हं.” हिंदुराव म्हणाले, “मला सांगायला पाहिजे का?”

पुढच्या आठवड्यात ऋचाचा मेसेज आला. काही अपवाद असतील तर आत्ताच सांगा, नंतर बदलायला वेळ लागतो, असं तिने लिहिलं होतं. हिंदुराव लिहिता-वाचता येणारे गृहस्थ, पण उत्तर म्हणून त्यांनी अंगठा पाठवला.

ॲप सुरू झालं. पेढे वाटले. ग्रुपवर फुलांचे गुच्छ आले. सोसायटीतल्या मंडळींचे डबे येऊ लागले. मोबाइलवर नंबर दिसायचा, त्यामुळे दारात भांडण उरलं नाही. मारुतरावांनाही थांबावं लागलं. ते म्हणाले, “आरं हिंदुराव, आमी बी आता लायनीत व्हय?” हिंदुरावांनी वर बोट दाखवलं, जणू ॲप आढ्याला टांगलं आहे. “माझ्या हातात काही न्हाई मारुतराव. ॲप आहे ते.” हे वाक्य त्यांना फार आवडलं. दिवसातून चार वेळा ते तेच म्हणू लागले.

बाजरीमागून गहू यायचा, तेव्हा ते मूठभर गहू आधी माझ्यातून काढून वेळ मारून न्यायचे. पोळ्या थोड्या सावळ्या झाल्या, पण तक्रार आली नाही. सोसायटीतल्या मंडळींना वाटलं, अस्सल गावरान पीठ असंच असतं.

मग तो रविवार आला. मृदुलाताईंनी इंद्रायणीचं दळण ॲपवर नोंदवलं होतं. काकांना सगळं ठाऊक आहे, ॲप ही फक्त नोंद, असं त्यांना वाटलं. त्यांचा नंबर आला तो गव्हाच्या तीन मोठ्या डब्यांच्या मागे. हिंदुरावांनी डबा उचलला आणि ओळखला. परत खाली ठेवला. दारात माणसं मोबाइल धरून उभी होती.

“काका, चला की! सेकंड शिफ्ट आहे आमची. हा डबा कुणाचा अडलाय?”

तो डबा उद्या सकाळसाठी बाजूला ठेवायचा, एवढंच करायचं होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, हा का थांबला? मग नंबर म्हंजे नंबर नाही, हे सांगावं लागलं असतं. मग इतकी वर्षं कोण कोण का थांबलं, तेही निघालं असतं. हिंदुरावांनी एक ओंजळ ज्वारी माझ्यातून काढली, पुटपुटले, “एवढ्यानं काय होतंय,” आणि इंद्रायणीची ज्वारी ओतली.

माझ्या दगडांच्या खाचांत गहू बसलेला होता. मला तो कळत होता. मी आयुष्यात भलत्या वेळी किती वेळा बंद पडले आहे! सणाच्या आदल्या दिवशी माझा पट्टा तुटला आहे, लग्नाच्या दळणात माझी मोटर जळली आहे. त्या दिवशी मात्र मी लोण्यासारखी चालले. अजून मला त्याची लाज वाटते.

इंद्रायणी आजारी पडली. उलट्या थांबेनात, म्हणून तिला दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागलं. ती सावरल्यावर मृदुलाताई गिरणीत आल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागत होता.

“काका, पीठ कशावर दळलं?”

हिंदुरावांनी इकडे तिकडे पाहिलं. पाच-सहा गिऱ्हाइकं होती. वाक्य सवयीचं झालेलं होतं, ते आपोआप बाहेर आलं. “माझ्या हातात काही न्हाई ताई. ॲपवालीनं नंबराचा घोळ करून ठेवलाय.”

ते तिथे थांबलं नाही. ग्रुपवर हिंदुरावांनीच लिहिलं, ‘ॲप करून घेताना जपून. शिकाऊ पोरांच्या नादी लागू नका.’ त्याला भराभर अंगठे आले. ऋचा धावत आली. तिचा चेहरा माझ्या पिठाइतका पांढरा झाला होता.

“काका, मी विचारलं होतं तुम्हाला. दोनदा विचारलं होतं.”

“तू काय विचारलंस ते मला काय कळतंय? कॉम्प्युटरचं तुझ्याकडं.”

ती म्हणाली, “मी सगळं बदलून देते. काही देऊ नका.” आणि मित्रांनो, हिंदुरावांनी त्या वेळी जे केलं, ते मला खोटं बोलण्यापेक्षाही जड गेलं. त्यांनी तिला माफ केलं! सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात. “जाऊ दे, पोर आहे. चुकतं माणूस.” गिऱ्हाइकं म्हणाली, “काका, मन मोठं आहे तुमचं.” ऋचाने लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली आणि ती गेली.

त्या दिवसापासून हिंदुराव माझ्यापाशी स्वतःशी बोलेनासे झाले. दगड मात्र रोज झाडायचे, झाडलेले पुन्हा झाडायचे. कुणी त्यांच्या मोठ्या मनाचं नाव काढलं की माप घेताना त्यांचा हात चुकायचा.

सुभद्राबाई नातवाचं तोंड पाहून परत आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ती पोर इथं बसून काम बघते म्हणत होती. मी आतून ऐकलंय. तुमीच नको म्हणालात.”

“आता मिटलंय ते.”

“कुणाचं मिटलंय?”

दोन दिवसांनी मृदुलाताई त्यांचा जुना डबा न्यायला आल्या. त्यांनी घरघंटी घेतली होती. हिंदुरावांनी माझं बटण बंद केलं. दळण अर्धं असताना त्यांनी मला कधी बंद केलेलं नाही.

“ताई, त्या पोरीनं मला विचारलं होतं. मीच खरं सांगितलं न्हाई. आणि त्या दिवशी डबा तुमचा आहे, हे मला माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“होय.”

मृदुलाताईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. “काका, मी त्या मुलीला फोन करून काय काय बोलले, ते माहीत आहे का तुम्हाला?” एवढं बोलून त्या डबा घेऊन निघून गेल्या.

संध्याकाळी हिंदुरावांनी ग्रुपसाठी आवाजी संदेश भरला. ‘ॲपच्या प्रकरणात थोडी चूक आमचीही होती...’ सुभद्राबाई चाळणी घेऊन मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, “‘थोडी’ काढा.” त्यांनी पुन्हा भरला. ‘चूक आमचीही होती...’ “‘ही’ पण काढा.” तिसऱ्या वेळी तो संदेश खरा झाला. ग्रुपवर त्याखाली एकाने ‘शुभ संध्याकाळ’ म्हणून सूर्यास्त टाकला. ज्या दोघा गिरणीवाल्यांनी ऋचाला काम द्यायचं कबूल केलं होतं, त्यांनी तोवर दुसरा माणूस पाहिला होता.

मग हिंदुरावांनी ऋचाला फोन लावला. ती तळवड्याच्या एका कंपनीत लागली होती, दुसऱ्यांनी केलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या कामावर. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

“बरं झालं सांगितलंत काका.” मग ती म्हणाली, “एक करता का? आमच्या घरी येऊन आई-बाबांना एकदा सांगाल? त्यांना अजून वाटतं, माझीच चूक होती.”

हिंदुराव गेले. मागच्या रविवारी, धुतलेला सदरा घालून, मला कुलूप लावून. परत आल्यावर ते पुन्हा माझ्यापाशी उभे राहून स्वतःशी बोलले, म्हणून तिथलं मला कळलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या मशिनीला तुम्ही जे सांगाल तेच ती करते. ॲपही तसंच. ते बनवणारं माणूस तुमच्याकडे येऊन कामाची रीत विचारेल. तेव्हा जी गोष्ट सांगायला लाज वाटते, ती आधी सांगा. लपवलेली गोष्ट लपवणाऱ्याच्याच ताटात पडते असं नाही. ती कुणाच्याही डब्यात जाते.

आता कुणी काय किंमत भरली, ते पाहू. इंद्रायणीने पोटावर सोसलं. मृदुलाताईंचा माणसांवरचा भरवसा गेला आणि एका निरपराध मुलीला बोलल्याची टोचणी त्यांच्या पदरी आली. ऋचाने आपलं नाव गमावलं, मिळत आलेली कामं गमावली आणि घरातला मानही गमावला. हिंदुरावांना सांगवीच्या त्या घरात मान खाली घालून बसावं लागलं. तिथेही ऋचाच्या आईने त्यांना आधी चहा दिला, साखर किती घालू, असं विचारून.