डब्यातली बाई

स्टेनोबाईंच्या हिशेबाने वही वाचून दाखवण्यात लाभ एकच होता, पण घसघशीत होता: टीव्हीवरच्या मालिकेत त्यांना डब्याचं माणूस करून मिळणार होतं.

मालिका अंतराळातली. तिच्यात काळा झगा घातलेला एक जादूगार विझलेल्या ताऱ्यांच्या भुतांशी बोलायचा आणि वाट चुकलेल्या यानाला रस्ता विचारून द्यायचा. हा जादूगार म्हणजे प्रोफेसर. 'एका खऱ्याखुऱ्या गूढविद्यावंताच्या आयुष्यावरून' अशी पाटीच दर भागाच्या सुरुवातीला झळकायची. खरे प्रोफेसर कुठल्याही कॉलेजात शिकवत नव्हते. कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर घालायचे आणि लिफ्टला घाबरायचे. पण दर रविवारी दुपारी पडदे ओढून ते मृतात्म्यांना बोलवत, आणि त्यांच्या तोंडून जे पुटपुटलं जाई ते स्टेनोबाई अंधारात, डाव्या अंगठ्याने वहीची कड चाचपत, शॉर्टहँडमध्ये टिपून घेत. सोळा वर्षं. एक रविवार चुकला नाही.

मालिकेत हे काम एक डबा करायचा. चाकांचा, एका हिरव्या डोळ्याचा. जादूगार बोलला की डबा म्हणायचा, "नोंद झाली." पोरांना तो फार आवडे. भाचीने तर फोनच केला, "मावशी, तो डबा म्हणजे तूच ना गं?"

डबासुद्धा त्यांनी गिळला असता. पण प्रोफेसरांची बायको? ती मालिकेत पंचविशीची, चंदेरी कपड्यांत, जादूगाराचा हात धरून समाधीत जायची. खरी बायको त्या वेळी स्वयंपाकघरात दार लावून झोपलेली असायची. घोरायचीसुद्धा. स्टेनोबाई तिला वहिनी म्हणत. प्रोफेसरांना त्यांनी मनातून कधी भाऊ मानलं नव्हतं, पण त्यांच्या बायकोला वहिनी म्हणण्यावाचून दुसरी सोय नव्हती.

शेवटच्या भागासाठी मालिकेच्या लेखिकेला प्रोफेसरांची शेवटची बैठक हवी होती, शब्दन् शब्द. वही स्टेनोबाईंकडे होती. तिच्यातल्या निम्म्या खुणा त्यांनीच बनवलेल्या, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ती म्हणजे नुसती मुंग्यांची रांग. वाचन वहिनींच्या घरी ठरलं.

"आधी मला डब्यातून बाहेर काढा, मग वाचते," स्टेनोबाई म्हणाल्या.

"काढू की, काकू. शेवटी डबा उघडतो, आत एक बाई निघते. पण तिला निघायला कारण हवं. जादूगार तिला काहीतरी मनातलं बोलला असला पाहिजे. तसं काही आहे का वहीत?"

वहीत होतं. फक्त ते स्टेनोबाईंसाठी नव्हतं. त्या दुपारी मधेच प्रोफेसर आपल्या साध्या, सर्दी झालेल्या आवाजात म्हणाले होते, 'मेलेल्यांशी बोलत बसलो आणि घरातल्या जित्या माणसाशी बोलायचं राहून गेलं. तिला सांगा.' चार दिवसांनी ते गेले. टाइप केलेल्या प्रतीत स्टेनोबाईंनी हे उतरवलं नाही. वहिनींनी तेव्हा विचारलं होतं, "माझ्याबद्दल काही म्हणाले का गं?" स्टेनोबाई म्हणाल्या होत्या, "नाही वहिनी, आत्म्यांचंच चाललं होतं." सोळा वर्षांच्या वह्यांत आपल्यासाठी एक ओळ नाही आणि घोरणाऱ्या बाईसाठी दोन, हे त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

आता वहिनी ऐकू येणारा कान पुढे करून बसल्या होत्या. लेखिकेने रेकॉर्डिंग लावून फोन टेबलावर ठेवला. स्टेनोबाई वाचू लागल्या. त्या खुणेपाशी बोट थांबलं.

"काय झालं?" लेखिकेने विचारलं.

"पेन्सिल पुसट झालीय," असं म्हणून स्टेनोबाईंनी वाचलं, "मेलेल्यांशी बोलत बसलो आणि समोर बसलेल्या जित्या माणसाशी बोलायचं राहून गेलं."

'तिला सांगा' त्यांनी गाळलं.

"समोर म्हणजे तुम्ही," लेखिका हळूच म्हणाली. "काकू, मिळाला आपल्याला शेवट."

वहिनींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे तुला म्हणाले."

"मी काय, मी आपलं ऐकलं तसं उतरवलं, वहिनी."

"नाही गं, बरं झालं. कुणाला तरी म्हणाले ना." वहिनी उठल्या. "मला वाटायचं, यांना ते कळलंच नाही. चहा टाकते. तुला बिनसाखरेचा ना?"

शेवटच्या भागात डबा उघडला. आतून विशीतली एक मुलगी निघाली, चंदेरी कपड्यांत, ओठ थरथरवत. स्टेनोबाईंना तिच्यात आपलं म्हणावं असं काही सापडेना.

एकूण लेखिकेला शेवट मिळाला, प्रोफेसरांना आकाश मिळालं, स्टेनोबाईंना दीड मिनिटाचं माणूसपण मिळालं. किंमत भरली ती वहिनींनी. आणि भाग संपल्या संपल्या त्यांनीच फोन करून सांगितलं, "पाहिलं हं मी. छान दिसत होतीस तू."