चौघांचा हातखर्च

गेल्या वर्षी समुद्रावरून परतल्यावर आईने स्वतःच्या पार्लरमध्ये आलेल्या एका बाईंना सांगून टाकलं होतं, "समुद्र कसा होता ते मला विचारू नका. मला लाटांचा आवाज आलाच नाही. 'आई, घे ना' एवढंच काय ते ऐकू आलं."

त्यात खोटं काही नव्हतं. धाकट्याला घरात भुंगा म्हणत, कारण त्याची भुणभुण एकदा सुरू झाली की थांबायचं नाव घेत नसे. पाणी उडवायची पिचकारी, वाऱ्यावर फिरणारं चक्र, शिंपल्यांचं घर, पुन्हा पिचकारी, कारण पहिली फुटली. थोरली बारा वर्षांची. ती हट्ट करायची नाही, बाजू मांडायची. "त्याला पिचकारी दिलीस, म्हणजे तेवढ्याच किमतीचं काहीतरी मला देणं लागतं," असं ती इतक्या शांतपणे म्हणे की समोरच्याला आपणच गुन्हा केल्यासारखं वाटे. तिला वकीलबाई हे नाव बाबांनी ठेवलं होतं. या दोघांच्या मध्ये आईची पर्स इतक्या वेळा उघडली आणि मिटली, की परतीच्या प्रवासात तिची चेन हातात आली.

म्हणून या वर्षी निघायच्या आधीच आईने जेवणाच्या टेबलावर विषय काढला.

"मुलांना त्यांचे त्यांचे पैसे देऊन टाकायचे. एकदाच. संपले की संपले."

"त्यापेक्षा सरळ नाही म्हणायचं," बाबा म्हणाले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे.

"तुम्हाला काय जातंय म्हणायला! तुम्ही वर्षभर कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात. आणि सुट्टीत मुलं दिसली की तुमचा हात आधी खिशात जातो. नाही म्हणायचं खातं माझ्याकडे."

बाबांनी गाडी आकड्यावर आणली. लहानपणी जत्रेला जाताना आपल्याला एकच नाणं मिळायचं, आणि त्यात दिवस निघायचा, असं ते म्हणाले.

"त्या नाण्यात आता कुणी हातसुद्धा धुऊ देणार नाही."

बाबांनी एक आकडा सांगितला. तो ऐकून आईला हसू आलं. आईने सांगितलेला ऐकून बाबांचा घास अडकला. आईचं म्हणणं असं, की मनासारखी एक बरी वस्तू आणि दोनचार किरकोळ गमती एवढं त्यात बसलं पाहिजे. त्याहून कमी दिले तर मुलं पुन्हा आपल्याकडेच हात पसरणार, आणि जास्त दिले तर विचार करायची गरजच उरणार नाही. बाबा हळूहळू वर चढले, आई थोडी खाली उतरली, आणि दोघं मध्ये कुठंतरी भेटले.

"पण मोठीला जास्त," दाराआडून आवाज आला. वकीलबाई तिथे कधीच्या येऊन उभ्या होत्या. "मोठ्या माणसाच्या गरजा मोठ्या असतात."

"माझं पोट पण मोठंय!" भुंगा तिच्या काखेखालून आत घुसला.

शेवटी ठरलं, दोघांना सारखेच. जेवणखाण, राहणं आणि रोजचं एक आइस्क्रीम आईबाबांकडे. बाकी ज्याचं त्याने बघायचं. कुणाला उसने नाहीत, मागून भर नाही. सगळं मनासारखं झालं म्हणून आई ताटं उचलायला लागली, तेवढ्यात थोरलीने विचारलं, "आणि तुम्हाला किती?"

"आम्हाला कसले?"

"म्हणजे तुम्हाला हवं ते घेता येणार, आणि आम्ही मोजूनमापून?"

आईने उचललेली ताटं पुन्हा टेबलावर ठेवली, पण बाबांना ही कल्पना एकदम पसंत पडली. "बरोबर बोलतेय ती. मलाही तेवढेच द्या. मला लागतंय काय? अर्धे परत आणून दाखवतो."

आणि अशी चार पाकिटं तयार झाली.

खोली गेल्या वर्षीचीच होती. दोन पलंग, एक गादी, आणि कठड्यावरून बरंच वाकलं तर समुद्र दिसेल अशी बाल्कनी. खाली दुकानांची गल्ली, आणि गल्ली संपते तिथे पाण्यात लांबवर गेलेला लाकडी धक्का. सामान टाकून चौघं खाली उतरले, तर तिसऱ्याच दुकानात भुंग्याचा पाय चिकटला. काचेच्या पेटीत खेळण्यांचा ढीग, वर लोखंडी पंजा, आणि ढिगाच्या टोकावर डोळे वटारून बसलेला हिरवागार कापडी बेडूक.

भुंग्याने नाणी टाकली. पंजा खाली आला आणि हवा पकडून वर गेला. त्याने पुन्हा टाकली. आता पंजाने बेडकाचा पाय धरला, त्याला उचललं, भोकाच्या काठापर्यंत आणलं आणि सोडून दिलं. मग काय, भुंग्याचे कान लाल झाले. नोटा मोडून नाणी आली, नाणी पेटीत गेली. आई मागे उभी होती. "पुरे आता" हे शब्द तिच्या जिभेच्या टोकावर येऊन परत जात होते. पैसे त्याचे होते. तिनेच तसं ठरवलं होतं.

पाकीट रिकामं झालं तेव्हा भुंगा रडला नाही. त्याने नुसतं वळून आईकडे पाहिलं. ते बघणं भुणभुणीपेक्षा वाईट होतं. आईचा हात केव्हा पर्समध्ये गेला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"दे गं एखादी नोट," बाबा कुजबुजले. "कोण बघतंय?"

"मी बघतेय," वकीलबाई म्हणाल्या.

आईने हात बाहेर काढला, रिकामा. मग ती भुंग्याला घेऊन समुद्राकाठच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसली. दोघं पाय हलवत बसून राहिले.

"मशीन वाईट आहे," भुंगा म्हणाला.

"हो."

"मी पण थोडा वाईट खेळलो."

"थोडा."

"शेवटी शेवटी मला बेडूक नकोच होता. पण थांबताच येईना."

आईला त्याला पटकन जवळ ओढावंसं वाटलं, पण रस्त्यात जवळ घेतलेलं त्याला आताशा आवडत नसे. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तो राहू दिला.

तोपर्यंत बाबा कुठे गायब झाले होते कुणास ठाऊक. संध्याकाळी ते खोलीवर आले ते दारातून आडवे होत, कारण पाठीमागे लपवलेली वस्तू दारापेक्षा उंच होती. मासे धरायची गळाची काठी. चकचकीत, फिरकीवाली.

"केवढ्याला?" आईने विचारलं.

"सवलतीत मिळाली."

"केवढ्याला?"

"सगळ्या पैशांना."

"सगळ्या म्हणजे?"

बाबांनी पाकीट उलटं करून झटकलं. आतून काहीच पडलं नाही. भुंग्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. या जगात आपण एकटे नाही हे त्याला कळलं होतं.

"तुम्ही आयुष्यात कधी मासा धरलाय?" आई म्हणाली.

"काठीच नव्हती तर धरणार कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या लक्षात आलं की गळाला लावायला आमिषही विकत घ्यावं लागतं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई समुद्राकडे पाहू लागली. मग ते थोरलीपाशी गेले आणि घसा खाकरला.

"वकीलबाई, एक छोटंसं काम होतं."

"कुणाला उसने नाहीत असं ठरलंय, बाबा."

"उसने नको. कामाचे दे. काही काम असेल तर सांग."

थोरलीने विचार केला. तिच्या पाठीवर पुस्तकांनी भरलेली पिशवी होती. ती तिने बाबांच्या खांद्यावर अडकवली. "सुट्टी संपेपर्यंत," ती म्हणाली आणि आमिषापुरते पैसे मोजून दिले. वर म्हणाली, "पैसे हातात आल्या आल्या उडवायचे नसतात, बाबा. तुम्हीच सांगता ना?" बाबांनी मान खाली घातली. पण त्यांच्या मिशा हसत होत्या, हे आईने पाहिलं.

त्या दिवसापासून ते दोघं कफल्लक धक्क्यावर मुक्कामाला गेले. खिशात दमडी नसल्यामुळे दुकानांच्या गल्लीत त्यांना कामच उरलं नव्हतं. बाबा काठी धरायचे, भुंगा डबा धरायचा, मग उलट. मासा कुठला लागतोय, पण दोर गुंतायचा आणि तो सोडवण्यात दोघांची डोकी एकमेकांना टेकायची. भुंगा दिवसभर बोलायचा आणि त्यातलं एकही वाक्य 'घे ना'ने संपत नव्हतं.

आईचं पाकीट मात्र तसंच होतं. नाही म्हणायला तिने पहिल्याच दिवशी दोन टॉवेल, भुंग्यासाठी मोजे आणि एक गाळणी घेतली होती. थोरलीने ती खरेदी नामंजूर केली.

"गाळणी घराची आहे. घरखर्चातून घे. हे पैसे आपापल्यासाठी आहेत."

"अगं, मला गाळणी आवडली."

"आई!"

मग आई एकटीच गल्लीत हिंडली. एक ओढणी अंगावर धरून पाहिली आणि घडी घालून ठेवली. कानातले पाहिले. प्रत्येक वस्तू हातात घेतली की एवढ्या पैशांत भुंग्याचे बूट येतील, एवढ्यात पार्लरमधला नळ बदलून होईल, असा हिशेब आपोआप सुरू व्हायचा. तिला स्वतःचीच गंमत वाटली. कुणाला किती पुरतील हे तिने घरबसल्या ठरवलं होतं, पण आपल्याला नक्की काय हवंय याचा तिला पत्ता नव्हता. आणि गंमत वाटता वाटता थोडं वाईटही वाटलं.

तेवढ्यात ओळखीचा वास आला. शाम्पूचा. बाजूच्या बोळात एक पार्लर होतं, तिच्या पार्लरसारखंच, दोन खुर्च्यांचं. तिचे पाय आपसूक वळले.

"काय करायचं?" आतल्या जाडजूड, वयस्कर बाईंनी विचारलं.

"केस धुवायचे."

"नुसते?"

"नुसते. पण सावकाश."

बाईंनी पाण्याची ऊब स्वतःच्या मनगटावर तपासली आणि तिची मान बेसिनच्या खाचेत अलगद टेकवली. आईने वर पाहिलं. छत! इतकी वर्षं ती बेसिनच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, आणि आपल्या पार्लरचं छत कसं दिसतं हे तिला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकं बिचारी तेच बघत पडत असतील. मग बाईंची बोटं कानांमागे फिरली, मानेच्या खळगीत थांबली, आणि तिचे डोळे मिटले. रोज किती डोकी तिच्या हातांखालून जात. तिचं डोकं मात्र तिच्या आईनंतर कुणी हातात घेतलं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. खूप झोप आली.

"हे कापलेत कुणी?" बाई केस पुसताना म्हणाल्या. "मागून एक बाजू वर गेलीये."

"आहे एक बाई," आई म्हणाली. "नेहमी घाईत असते."

"तिच्याकडे परत जाऊ नका हो."

आई इतकी हसली की टॉवेल घसरला. पण मी स्वतःच आरशात बघून कापले, हे काही तिने सांगितलं नाही. मागची बाजू नीट करून घेतली, मनात म्हणाली की खरंच छान हात आहे, आणि पैसे देऊन बाहेर पडली. पाकिटात बरेच उरले होते. म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आणि तिसऱ्या दिवशीही. धुतलेले केस धुवायला येणाऱ्या या गिऱ्हाइकाला बाईंनी काही विचारलं नाही. नुसती खुर्ची पुढे केली.

शेवटच्या दुपारी ती केस मोकळे सोडून धक्क्यावर आली, तर तिकडे आरडाओरडा चालू होता. काठी वाकली होती. भुंगा ती पोटाशी धरून मागे रेलला होता, बाबा त्याला मागून धरून "सोड! नको सोडू! फिरव! थांब!" असं सगळं एकदम सांगत होते, आणि थोरली पुस्तक टाकून कठड्यावर चढली होती. आईही धावली. पाण्यातून चमचमत वर आला तो हाताच्या तळव्याएवढा मासा.

"एवढाच?" थोरली म्हणाली.

"एवढा!" भुंगा ओरडला. त्याने डबा छातीशी धरला, आतल्या गोल गोल फिरणाऱ्या माशाकडे पाहिलं आणि मग कुणाला न विचारता डबा पाण्यात उपडा केला.

"अरे!" बाबा कळवळले. मग म्हणाले, "बरं केलंस." आणि मग आईकडे बघून, "काय गं, काहीतरी वेगळं दिसतंय तुझं."

"तीन दिवस दिसतंय," आई म्हणाली.

निघायच्या आधीच्या जेवणाला पुढच्या वर्षीचा विषय निघाला. थोरलीने आपलं पाकीट टेबलावर ठेवलं. आमिषाचे सोडले तर सगळे तसेच होते.

"काहीच घेतलं नाहीस?" बाबांना धक्का बसला. "अगं, सुट्टी होती!"

"मला पैसेच हवे होते. ते मिळाले."

पुढे काहीतरी शहाणपणाचं बोलावं असं आईला वाटलं, पण ती पाणी प्यायली. भुंग्याला पुढच्या वर्षी तेवढेच चालणार होते, फक्त पंजाच्या पेटीसमोरून त्याला डोळे झाकून न्यायचं होतं. बाबांना एकदम न देता रोज थोडे थोडे द्यावेत, असं थोरलीने सुचवलं. मतदान झालं. बाबांनीसुद्धा बाजूने हात वर केला.

"आणि आई?" थोरलीने विचारलं.

"मला वाढवून हवेत," आई म्हणाली.

तिघांनीही खाणं थांबवलं.

"किती?"

"दुप्पट."

"कारण?" वकीलबाईंनी भुवई उचलली.

"कारण काही नाही. हवेत."

थोरलीने आईकडे, तिच्या खांद्यावर पसरलेल्या केसांकडे पाहिलं. मग तिने बाबांकडे वळून विचारलं, "तुमची काही हरकत?"

"माझी? मला कोण विचारतंय," बाबा म्हणाले आणि भरपाई म्हणून आईच्या ताटातली भाकरी उचलून आपल्या ताटात घेतली.