उलटा जोडलेला काटा

चूक वस्तादांची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण या घरात त्यांचं सोडून बाकी सगळ्यांची नावं घेऊन झाली आहेत. बॅटरीवाल्याचं, उंदरांचं, दमट हवेचं, आणि सगळ्यात जास्त वेळा थोरल्या मुलाचं.

मी त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या चार्जिंगचा काटा बोलतोय. वाटीच्या तोंडाएवढी माझी तबकडी. मधे शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. बॅटरीत वीज भरत असेल तर उजवीकडे झुकायचं, बॅटरीतून जात असेल तर डावीकडे. काम एवढंच. यात हुशारी लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो. तो माझ्याकडे होता, जोवर वस्तादांनी मला हात लावला नव्हता.

ट्रॅक्टर पेट्रोलवर चालणारा, वस्तादांच्याच वयाचा. ‘वस्ताद’ ही पदवी त्यांना कुणी दिली ते माहीत नाही. बहुतेक त्यांनीच घेतली आणि लोकांनी वाद नको म्हणून चालू ठेवली. एका वर्षी त्यांच्या मनात आलं, ट्रॅक्टर नव्यासारखा करायचा. नट न् नट सुटा केला आणि दिसेल त्या लोखंडाला लाल रंग फासला. डायनामो ज्या पट्टीवर बसतो ती पट्टीही सोडली नाही. आतून, बाहेरून, भोकांतून, दोन-दोन हात. आता डायनामोच्या विजेला परतीचा रस्ता त्या पट्टीच्या लोखंडातूनच असतो. रंगातून वीज जात नाही, हे पोरासोरांनाही कळतं. डायनामो फिरत राहिला, वीज मात्र अडकली.

त्याच दुपारी मला परत बसवताना माझ्या मागच्या दोन वायरी त्यांनी अदलाबदल करून लावल्या. चष्मा खिशात होता. खिशातून काढला असता तर लोकांना कळलं असतं ना, की वस्तादांना चष्मा लागतो.

एक चूक असती तर दुसऱ्या दिवशी पकडली गेली असती. दोन होत्या, आणि त्यांनी एकमेकींची पाठ राखली. इंजिन चालू झालं की ठिणगीसाठी बॅटरीतून वीज जाई, आणि मी, उलटा जोडलेला, उजवीकडे झुकून दाखवी: भरतेय, भरतेय. बॅटरी मरत होती आणि मी बारशाला गेल्यासारखा हसत होतो.

“बघा,” वस्ताद माझ्या काचेवर नख वाजवून म्हणायचे, “काटा अधिकवर आहे. चार्जिंग शंभर टक्के.”

चार दिवसांनी स्टार्टरचं बटण दाबलं की नुसतं टक्. चार्जिंग शंभर टक्के, तरी बॅटरी रिकामी. मग दोष कुणाचा? ज्याच्या हातात ट्रॅक्टर असतो त्याचा. रोज सकाळी पाण्याचा टँकर ओढायला थोरलाच ट्रॅक्टर काढायचा. म्हणजे तोच दिवे चालू ठेवून विसरत असणार. बॅटरी गेली की ठिणगीपुरत्या उरलेल्या विजेवर हॅन्डल मारून इंजिन सुरू करायचं आणि मग बॅटरी बॅटरीवाल्याकडून भरून आणायचं कामही त्याचंच. गुन्हाही त्याचा, सक्तमजुरीही त्याची.

पहिल्यांदा तो हसला. मग रोज संध्याकाळी बॅटरीची वायर काढून ठेवायला लागला. बॅटरी तरीही मेली. “काढतोस कशावरून?” वस्तादांनी विचारलं. मग तो त्यांना बोलावून, त्यांच्यासमोर वायर काढायला लागला. तिशीतला माणूस, बापाला पाटी दाखवल्यासारखी वायर दाखवायचा. बॅटरी तरीही मेली. वस्तादांनी नवी बॅटरी आणली, स्टार्टर खोलला, बटण बदललं. माझ्या मागे मात्र कधी डोकावले नाहीत. आपणच जोडलेल्या गोष्टीत काय बघायचं?

एका रविवारी कुणी पाहुणे लाल ट्रॅक्टर बघायला आले. वस्तादांनी रुबाबात बटण दाबलं. टक्.

“विचारा यालाच,” ते पाहुण्यांना म्हणाले. “दिवे जाळत बसला असेल.”

“बाबा, काल वायर तुमच्यासमोर काढली. तुम्हीच ‘बरं’ म्हणालात.”

“मग काय काटा खोटं बोलतो?”

“तेच म्हणतोय. एकदा मीटर उलटा लागलाय का बघू या. दोन मिनिटांचं काम आहे.”

“कॉलेज अर्ध्यात सोडलेल्यानं मला मीटर शिकवू नये.”

पाहुणे हसले. कॉलेज कुणी सोडायला लावलं, टँकर कोण ओढणार म्हणून, ते सांगायचं वस्तादांच्या बहुधा लक्षात राहिलं नाही.

थोरला हॅन्डल घेऊन पुढे गेला, दोन फेऱ्यांत इंजिन सुरू करून दिलं, हॅन्डल जागेवर ठेवलं, हात पुसले. मी माझ्या सवयीनं उजवीकडे झुकून उभा होतो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की काच तडकली असती तर बरं वाटलं असतं. दुपारी त्यानं बॅग भरली. आता तो दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो.

मग हॅन्डल कोण मारणार? वस्ताद ट्रॅक्टर उतारावर उभा करायला लागले, घरंगळवून सुरू करता यावा म्हणून. उतार कुणावर आळ घेत नाही.

वर्षभरानं धाकटी मुलगी सुटीला आली. ती दवाखान्यात एक्स-रे काढते. फोटो उलटा धरला तर डावा हात उजवा दिसतो, हे तिला रोजचं. सहज ट्रॅक्टरवर चढली, किल्ली फिरवली, दिवे लावले. इंजिन बंदच. मी आज्ञाधारकपणे उजवीकडे झुकलो.

“बाबा, इकडे या जरा. इंजिन बंद आहे, दिवे चालू आहेत, आणि तुमचा काटा म्हणतोय बॅटरी भरतेय.”

“मग?”

“मग दिवे रोज लावूनच ठेवू या. वीजबिल वाचेल.”

तिनं बॅटरीची वायर काढली, माझ्या वायरी बदलल्या आणि बॅटरी परत जोडली. उतारावरून इंजिन सुरू केलं तसा मी डावीकडे पडलो. इतक्या दिवसांनी खरं बोललो. मग ती इंजिन बंद करून माग काढत डायनामोपर्यंत गेली, पट्टी सोडवली, पॉलिश पेपरनं रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि पट्टी परत बसवली. पुन्हा इंजिन सुरू झालं आणि मी उजवीकडे गेलो. या वेळी खरोखर.

“मला शंका होतीच, अर्थिंगची,” वस्ताद म्हणाले.

“दादाला फोन करा.”

“तू कर. सांग, चार्जिंग व्यवस्थित आहे.”

“एवढंच सांगू?”

“आणखी काय असतं सांगायला?”

तिनं तिथेच उभं राहून फोन केला. थोरला “बरं झालं” म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आता मी म्हातारा झालोय, पण शुद्धीवर आहे. वस्ताद रोज संध्याकाळी सीटवर येऊन बसतात, माझी काच पुसतात. तुम्हाला एकच सांगतो. घरातल्या मोठ्यांचा मान ठेवा, कोण नको म्हणतंय. पण ते ज्या काट्याकडे बोट दाखवतात, तो एकदा इंजिन बंद ठेवून, दिवे लावून तपासून बघा. आणि तो जोडला कुणी, तेही विचारा.

बॅटरी पूर्ण भरलेली आहे. बटणाच्या एका दाबात इंजिन सुरू होतं. वस्तादांचा थोरला मुलगा पाच वर्षांत या घरी आलेला नाही.